नाकमास्तर आणि तपकिरी थेंब

त्या गॅरेजवाल्यांना सगळे नाकमास्तर म्हणत. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बाकीचे डोळ्यांनी तपासत, मास्तर नाकाने. इंजिन गरम करून चालूच ठेवायचं, तेल मोजायची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि थेंब पांढऱ्या कागदावर टेकवायचा. लाल असेल तर प्रश्नच नाही. तपकिरी निघाला तर निकाल नाकाचा. जळका वास आला की समजायचं, आतल्या चकत्या जळताहेत, गाडी घाटात दगा देणार.

त्या सकाळी गाडी त्यांच्या लेकीची होती. जुनी, नुकतीच घेतलेली. नव्या नोकरीच्या गावी ती घाट चढून एकटीच जाणार होती. एकटी म्हणजे, मागे तान्हं बाळ.

थेंब तपकिरी उतरला. मास्तरांनी कागद नाकाशी नेला.

काहीच नाही.

म्हणजे तेल चांगलं? पण चांगल्या तेलालाही थोडा वास असतोच. हा तर पाण्याचा थेंब असल्यासारखा. त्यांनी कागद बदलला. वाऱ्याकडे पाठ केली.

"बाबा, काय म्हणतंय नाक?"

"थांब गं. विचार करतंय."

"आज फारच विचारी झालंय!"

मास्तर हसले नाहीत. कोपऱ्यातलं पेट्रोलमध्ये भिजलेलं फडकं त्यांनी उचललं आणि खोल श्वास घेतला. काही नाही. मागच्या महिन्यातली सर्दी तर केव्हाच गेली होती. जाताना ती काय घेऊन गेली?

'जा बिनधास्त' हे शब्द जिभेवर येऊन बसले होते. इतकी वर्षं हेच तर म्हणत आले. बाळ मागच्या सीटवर अंगठा चोखत होतं. मास्तरांनी शब्द गिळले आणि कागद घेऊन ते मागच्या दाराने घरात गेले.

बायको लेकीसाठी डबे भरत होती. "अहो, ते घाणेरडं माझ्या ओट्यावर नको!"

"जरा हुंग."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हुंग गं."

तिने नाक मुरडत हुंगलं. "जळकट! तुमच्या शर्टाला हाच वास आला की मी तो वेगळा भिजवते. दोनदा घासला तरी जात नाही मेला. आणि तुम्ही मला काय विचारताय?"

"मला येत नाहीये."

"काय येत नाहीये?"

"वास. कसलाच."

ती बघतच राहिली. मग हातातला डबा खाली ठेवत म्हणाली, "म्हणजे महिनाभर माझ्या भाजीला नावं ठेवत होतात, ते..."

मास्तर कागद उचलून मागे वळले. बाहेर येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आज जायचं नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल."

"नाक असं म्हणालं?"

"आईला विचार," ते म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, तो कागद त्यांनी पुन्हा एकदा नाकाशी नेला.