मिस्तरी फुंकून बघतात

मंगळवार सकाळ, नरडाण्याचं गॅरेज. हजर: मी, माझे दीर, मिस्तरी आणि दोन गिऱ्हाइकं.

आमच्या पिकअपचं ऑइल पुन्हा गळत होतं. ऑइल अडवणारं सील मिस्तरींनी गुरुवारीच बदललं होतं आणि उद्या तर पपई भरायची होती.

"आता काय, इंजिनच खोलता का?" दिरांनी टोमणा मारला.

घाई केली की मिस्तरी आणखी सावकाश होतात. त्यांनी दोनदा हात पुसले, इंजिन चालू केलं आणि ऑइलचं झाकण काढून ऑइल भरायच्या तोंडावर नुसतं ठेवलं. ते थडथड उडायला लागलं. मग इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी काढून त्यांनी गाल फुगवून फुंकली. हवा पलीकडे जाईना. आत काळा चिकटा साचला होता.

"अक्का, सील चांगलं शे. आतला दाब कोंडाई गया, म्हणीसन तेल बाहेर ढकलाई ऱ्हायनं. हाई मी गुरुवारीच देखाले पाहिजे व्हतं. चूक मनी शे."

गिऱ्हाइकांसमोर, आवाज जराही न उतरवता त्यांनी स्वतःची चूक कबूल केली. माझ्या कामांच्या यादीत 'दुसरा मिस्तरी शोधणे' होतं, ते मी तिथंच खोडलं.

साफ केलेली नळी बसवल्यावर गळती थांबली. पण नळीला चीर गेली आहे. नवी धुळ्याहून आणायची राहिली आहे.