मागासाठी गर्डर

गोरक्षच्या मेहुण्यानं येवल्याचं घर विकलं आणि घरातला हातमाग सुटा करून नाशिकला पाठवून दिला. पाथर्डी फाट्यावरच्या गोरक्षच्या घराला लागून टेम्पोची उंच शेड होती. तिथंच माळा काढून माग ठेवायचं ठरलं.

"टाका वर कुठंतरी," त्याची बायको लंकाबाई म्हणाली. लग्नाआधी ती याच मागावर पैठण्या विणायची. पण संध्याकाळी गोरक्षनं पाहिलं, ओट्यावर बसून ती मागाचा धोटा पदरानं पुसत होती. पुसून झाला तरी हातातून खाली ठेवत नव्हती.

सकाळी तो अंबडला शेखरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेला. दाराशी एक जुनी सागवानी तुळई पडली होती. गोरक्षला ती आवडली, पण शेखरनं ती फिरवून दाखवली. एक टोक वाळवीनं पोखरलेलं होतं.

"लोखंडच घ्या काका. मधे खांब दिला तर हलकंही चालेल."

"खांब आला तर टेम्पो आत जायचा नाय."

"मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अख्खा गर्डर लागेल. वर काय ठेवणार?"

"माग."

"सुटा?"

गोरक्षनं नकारार्थी मान हलवली. "उभा. आणि विणणारी बाईपण धर."

शेखर हसला. "म्हणजे नुसतं वजन नाही, ठोकेही बसणार. जास्त उंचीचा गर्डर घेऊ, लचकणार नाही. भिंतीत टोकांखाली काँक्रीट भरावं लागेल. माप आमच्या इंजिनीअरकडून पक्कं करून घेतो."

गर्डर चढला तेव्हा लंकाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "एवढा दणकट कशाला? हत्ती ठेवायचाय का?"

"जिनापण लावतोय."

"सामानाला जिना?"

"सामान कशाला चढतंय? तू चढशील."

ती वळून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

माग उभा राहिला. सुरुवातीला धागे सारखे तुटायचे. ती स्वतःच्याच बोटांवर चिडायची. एका दुपारी मात्र ठोके एका लयीत पडू लागले. गोरक्षनं टेम्पोच्या हौद्यात उभं राहून गर्डरला हात लावला. अगदी बारीक थरथर होती. तो तसाच उभा राहिला.

"अहो," वरून हाक आली, "इथं उजेड कमी पडतो. खिडकी होईल का?"

"बघतो," म्हणत तो हौद्यातून खाली उतरला आणि टेप शोधू लागला.