उशीमामांची बांधणी

...तर उशीमामा चक्क ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाले, इथवर आलो होतो आपण. ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना त्या टेबलावर निजवलं, तो स्वतः पाठीवर पडून डोक्यावरचा दिवा बघतोय, आणि पायाशी पट्टा घेऊन उभे कोण? तर खुद्द मोठे सर! इस्पितळातले सगळ्यात जुने सर्जन.

"चुकलं तर सांगा हं मामा," सर म्हणाले. "तुमच्याच हाताखाली शिकलोय."

"डाव्या हातानं ओढा सर. तेव्हाही हेच सांगत होतो," मामा झोपल्या झोपल्या म्हणाले, आणि थिएटरभर हशा पिकला.

मामांचं काम म्हणाल तर रोग्याला टेबलावर नीट ठेवणं. सोपं वाटतं? भूल दिलेला माणूस म्हणजे ओलं पोतं. हात एकीकडे लोंबतो, मान भलतीकडे कलते. कुणाच्या मानेखाली केवढी उशी हे मामा दारातूनच सांगत, म्हणून ते उशीमामा. काही ऑपरेशनांत रोग्याचे पाय उचलून आधारांवर ठेवावे लागतात. ते घसरायचे, सर्जन वैतागायचे. मामांनी डोकं लढवलं. टॉवेलची कडक गुंडाळी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, वरून पट्ट्याचे दोन वेढे, असं आवळलं की पाय तीन तास तसूभर हलायचा नाही. मोठे सर तेव्हा नवे होते. बेहद्द खूश झाले नि म्हणाले, "ही मामांची बांधणी सगळ्यांना शिकवायची." झालं! शिकायला आलेला प्रत्येक डॉक्टर पहिल्या आठवड्यात मामांपुढे हजर. दुसऱ्या इस्पितळांतूनही बोलावणी येऊ लागली. मामांचे पाय जमिनीला लागेनात. बायको तेवढी म्हणायची, "डॉक्टरांना शिकवता ना? मग आपल्या अंथरुणाची घडी कोण घालणार?"

आणि मग संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा प्रश्न साधाच होता, पण तोवर कुणी विचारला नव्हता. टाके काढून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं? इस्पितळाच्या लेखी जखम भरली की ऑपरेशन फत्ते. बाईंनी एकेकाला तीन महिन्यांनी फोन केला, गरज पडली तर बोलावून चालवून बघितलं. अशा चारशे जणांतले बहुतेक ठणठणीत. अकरा जणांचं एक पाऊल मात्र उचलेना, चवडा जमिनीला घासत होता. अकराही जणांचं ऑपरेशन दोन तासांच्या वर चाललेलं आणि अकराही जणांना मामांची बांधणी. मऊ आधारावर नुसते पाय ठेवलेल्यांत असा एकही नव्हता.

"योगायोग," मामा म्हणाले. "अहो, बांधा माझ्याच पायाला, नि बघा!"

म्हणून ते टेबलावर.

पहिली पंधरा मिनिटं मजेत गेली. मग पोटरीच्या कडेनं मुंग्या आल्या. थोड्या वेळानं अंगठा आहे की नाही तेच कळेना.

"मामा, काही होतंय का?" बाईंनी विचारलं.

"छे!"

किती पटकन निघालं ते तोंडातून! मामांचं त्यांनाच नवल वाटलं. वॉर्डात रोग्यांना उत्तरं देताना हाच आवाज लागायचा त्यांचा. पस्तीस मिनिटांनी सरांनी आपणहून पट्टा सोडला. मामा ऐटीत उतरले, पाऊल टाकलं आणि ते फट्कन फरशीवर आपटलं. पुन्हा टाकलं, पुन्हा फट्. पंजा वर येईना. मघाशी खदखदून हसणारी माणसं आता आपापल्या चपलांकडे बघत होती. कुणी एक थट्टा केली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

बाईंनी त्यांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं. "इथून नस जाते मामा, अगदी कातडीखाली. तुमची गुंडाळी नेमकी हिलाच दाबते. जागा माणूस पाय हलवतो, ओरडतो. भूल दिलेल्यानं काय करायचं?"

दहा मिनिटांत मामांचा पाय ताळ्यावर आला. मान काही वर येईना. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. मीही हेच शिकलो, हेच शिकवलं. आणि बाई यावर जो लेख लिहितील, त्यात कुणाचं नाव नसतं."

हे ऐकून तर मामांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. अकरातल्या नऊ जणांचे पाय हळूहळू सुधारले होते, दोघांचे नाहीत. त्या दोघांतली एक शिंपीणबाई. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिनं वॉर्डात मामांची बाही धरून विचारलं होतं, "मामा, पाऊल उचलत का नाही हो?" आणि मामांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "अवघडून झोपलात. होईल चार दिवसांत."

त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मामा पत्ता काढत तिच्या दुकानी गेले. दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा, त्यात पायानं चालवायची शिलाई मशीन. बाईचा उजवा पाय, पाऊल वर धरून ठेवणाऱ्या पट्टीत, स्टुलावर ठेवलेला. मशीन एकट्या डाव्या पायावर चालली होती, अडखळत.

"या मामा! काय उसवलं?" तिनं मान वर न करताच विचारलं. चालीवरून ओळखलं असावं.

मामा बसले नाहीत. गुंडाळी, वेढे, नस, आपलं आपटलेलं पाऊल, अकरा जण, सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. माफीचा शब्द तेवढा राहिला. बाईनं मशीन थांबवली.

"म्हणजे तुम्ही बांधलंत म्हणून?"

"हो."

"आणि मी अवघडून झोपले म्हणालात! अहो, वर्षभर मी स्वतःलाच दोष देतेय. झोपताना पायाखाली उशा घेते, नवऱ्याला म्हणते, मी कुशीवर वळले तर उठव. तो बिचारा जागतो." तिनं कात्री कापडावर आपटली. "खरं सांगा मामा, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

मामा आता त्या स्टुलाशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "नव्हतं ठाऊक, ताई. पण सगळे मलाच विचारायचे ना, तर ठाऊक नाही म्हणायची सवयच गेली होती."