नऊ भांड्यांचं वजन

हे मी आजवर घरातही बोललो नाही. त्या दुष्काळी हंगामात आमच्या सहकारी कारखान्याचा काटा उसाचं वजन कमी दाखवत होता, आणि काटा क्लार्क मी होतो.

काटा म्हणजे वेब्रिज, भरलेली गाडी तोलायचा. खड्ड्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म, चारी बाजूंनी मोकळा. फटीत चिखल-पाचट घट्ट बसलं की तो अडकतो आणि वजन कमी येतं. एरवी आम्ही पाणी मारून फट धुवायचो. त्या साली पाणी टँकरचं. धुणं बंद. पहारीनं उकरायला हवं होतं. मी टाळलं.

चकलांब्याचे एक सभासद, इतिहासाचे रिटायर गुरुजी, बाहेरच्या काट्यावर ट्रॅक्टर मोजून आले. फरक निघाला.

"सभासदांसमोर काटा तपासा," ते म्हणाले.

"चेअरमनसाहेबांना राग येईल, गुरुजी."

गुरुजी हसले. "चीनच्या जुन्या राजांकडं काशाची नऊ तिपाई भांडी होती. नऊ प्रांतांच्या धातूची. ती ज्याच्याकडं, राज्य त्याचं. एका बलाढ्य राजानं सीमेवर फौज आणली अन् विचारलं, त्या भांड्यांचं वजन किती? गादीवरल्या राजाचा दूत म्हणाला, राज्य टिकतं ते राजाच्या वागण्यावर, भांड्याच्या वजनावर न्हाई. तवापासून तिकडं 'भांड्याचं वजन विचारणं' म्हंजे गादीवर डोळा ठेवणं. पण मला खुर्ची नको बाबा. माजा ऊस नीट मोजा, बास."

मी चेअरमनकडे गेलो. गोष्ट सांगितली, 'मला खुर्ची नको' हे शेवटचं गाळून.

"म्हंजे मास्तर माज्याविरुद्ध उभा ऱ्हातोय?"

"तसंच दिसतंय, साहेब."

"लई शाना झाला. टोळी काढून घ्या त्याची."

टोळी म्हणजे ऊसतोड कामगार. ते दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या फडातून उठले. त्याच दुपारी मी पहार घेऊन फट साफ केली. पुढे वजनमापाचे निरीक्षक प्रमाण वजनं घेऊन आले. काटा पास. "बघा, मास्तर खोटं बोलत होता," चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले. मी रजिस्टरवर निरीक्षकांची सही घेत होतो.

गुरुजींचा अर्धा ऊस उभ्यानं वाळला. उरलेला त्यांनी चारा छावणीतल्या जनावरांना दिला.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून एवढंच शिकलो: काट्याची तक्रार आली की आधी फट बघावी, माणूस नंतर.

गुरुजी अजून गावातच आहेत. दिसले की आपणहून विचारतात, "बरं हाय ना?" त्यांचं बरोबर होतं, चूक माझी होती, हे सभासदांसमोर उभं राहून सांगायचं देणं मी त्यांचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.