छकड्याची मांड

माझे काका घोडीवर बसत नाहीत, छकड्यावर बसतात. खाली घोडी असली तरी. सिहोऱ्याच्या आसपास जिथे जिथे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो तिथे त्यांनी बैलजोड्या हाकल्या आहेत, आणि धाव संपल्यावर उधळलेली जोडी आवरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी मान्य करते. दोन्ही पाय समोरच्या लाकडाला रोवायचे, पाठ मागे टाकायची, कासरा मनगटाला गुंडाळायचा आणि अंगाचा सगळा भार त्यावर द्यायचा. बैलांच्या नाकात वेसण असते, थांबतील नाही तर काय करतील बिचारे!

घोडीच्या तोंडात जीभ असते, तिच्यावर लोखंड ठेवलेलं असतं, एवढं त्यांना कळत नाही. कळत नाही असंही नाही. त्यांना कळून घ्यायचं नाही.

घोडी बाबांनी आणलेली. बाबा गेल्यावर ती माझी झाली, कारण तिचं चारापाणी मीच करत होते. शेजारच्या घरातून काका रोज ‘विकून टाक’ म्हणून डोकं खायचे. मी विकली नाही. कॉलेजात असताना नागपूरला मी घोडेस्वारी शिकले होते आणि पुढे मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘रेनिंग’ या घोडेस्वारीच्या खेळाचे व्हिडिओ पाहून मला वेड लागलं होतं. भरधाव आलेला घोडा मागचे पाय पोटाखाली घेतो, जवळजवळ बसतो आणि घसरत घसरत थांबतो. पुढचे पाय तेवढ्यातही चालतच असतात. लगाम सैल, आणि स्वार काही करताना दिसत नाही.

दिसत नाही, पण करत असतो. ते मला नदीच्या रेतीत शिकावं लागलं, अख्खा हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा. शिकवायला कुणी नव्हतं, पडायला रेती होती. घोडी दौडत असताना एकदम थांबायचं म्हटलं की आपले पाय आपोआप पुढे जातात आणि रिकिबीत ताठ होतात. तसं झालं की बूड खोगिरातून उचललं जातं आणि मग सावरायला हात लगाम ओढतात. सगळं तिथेच बिघडतं. पाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. टाचा खाली, पोटऱ्या तिच्या अंगावरून अलगद सुटलेल्या, कंबर ढिली, आणि श्वास सोडत खोगिरात खाली बसायचं. पोतं ठेवल्यासारखं. थांबायची हाक म्हणून ‘होऽ’ म्हणायचं आणि काही करायचं नाही. हे काही न करणं फार अवघड आहे.

पण एकदा तिला ते कळलं आणि मग तिनं मला कधी फसवलं नाही. मी बसले की ती बसायची. रेतीत तिच्या मागच्या पायांच्या दोन लांब, सरळ रेघा उमटायच्या. माझे हात तिच्या तोंडाला त्रास देणार नाहीत, यावर तिचा भरवसा होता, आणि त्या भरवशावरच तो सगळा खेळ उभा होता. मला तेवढाच सांभाळायचा होता.

काका एकदा नदीवर आले. त्यांच्यासोबत पटातले दोघे-तिघे होते.

“हे का चालवलं व पोरी?” काका म्हणाले. “हातात लगाम हाये का सुतळी? जोर लाव ना!”

“जोर लावाचा नसते, काकाजी. मी बसली का ते थांबते.”

“बसली का थांबते! मंग उभी राहिली का उडते का?”

सोबतचे खिदळले. मीही दात काढले, कारण काका मोठे. आमच्याकडे मोठ्यांच्या अडाणीपणाला असंच हसायचं असतं. पण त्यांची नजर त्या दोन रेघांवर होती, आणि ती मला आवडली नाही.

धान निघालं, पटाचे दिवस आले आणि काकांनी फर्मान काढलं. जोड्या सुटायच्या मधल्या वेळात घोडीचा खेळ दाखवायचा, आणि दाखवणार ते स्वतः. मी सरळ नाही म्हटलं. पटाची जमीन चोपून दगडासारखी केलेली, तिथे घोडी घसरणार कशी? आणि छकड्याच्या सवयीनं तुमचे पाय पुढे जाणार, हेही मी तोंडावर सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आईकडे बघितलं.

“ते मोठे हायेत, बाई,” आई मला म्हणाली. “एक डाव बसले तं घोडी झिजते का?”

मी पुन्हा नाही म्हटलं. विषय संपला असं मला वाटलं.

पटाच्या दिवशी आमच्या गावात घरोघरी पाहुणे उतरतात, आणि घरातल्या बाया दिवसभर चुलीपुढून हलत नाहीत. मी वडे तळत होते. मैदानावरचा भोंगा घरात स्पष्ट ऐकू येतो. जोड्यांची नावं पुकारता पुकारता तो एकदम म्हणाला, आता पाहा घोडीचा खेळ. मी गोठ्यात धावले. खुंटा रिकामा होता. माझं खोगीरही नव्हतं. आई कढईकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं. हाताला पीठ तसंच घेऊन मी मैदानाकडे पळाले.

मी पोचले तेव्हा ते दुसऱ्यांदा दौडत येत होते. डोक्याला फेटा, दोन्ही मनगटांना लगाम गुंडाळलेला. थांबायची जागा आली तसे त्यांनी पाय घोडीच्या खांद्यांपर्यंत पुढे रोवले, पाठ मागे टाकली आणि ओढलं. जोडी आवरतात तसं. घोडीनं तोंड वासलं, मान त्यांच्या छातीपर्यंत वर गेली, पाठ खाली दबली. मागचे पाय पोटाखाली येणार कुठून? पुढचे पाय ताठ रोवून, दणके खात ती थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी तिला वळवलं, पुन्हा परत नेलं आणि तिसऱ्यांदा तेच केलं. मी मध्ये घुसून तिचा लगाम धरला. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं.

“लोक टाळ्या वाजवून राहिले, अन् तू काहून रडून राहिली?”

“रडून नाही राहिली. उतरा.”

“चार लोकांत काकाले उतरवते?”

“उतरा म्हणलं ना!”

ते उतरले. त्या क्षणी मला त्यांचा एवढा राग आला की हात उगारायचा राहिला इतकंच. आजही त्यांचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड होतो. गावात बोभाटा काय झाला, तर पोरीनं काकाची इज्जत घेतली. घोडीच्या तोंडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आईनं आणि काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, मीही मनवायला गेले नाही.

ओठ भरेपर्यंत मी तिला लोखंड लावलं नाही. मग नदीवर नेलं. तीच रेती, तीच दौड. मी श्वास सोडला आणि खाली बसले. हात तिच्या आयाळीवर होते, लगाम लोंबत होता. तरी तिनं मान वर फेकली, तोंड वासलं आणि पुढचे पाय रोवले. मी तिच्या मानेवर जाऊन आदळले. पुन्हा दौडवलं, पुन्हा तेच. माझं बसणं हीच आता तिला तोंडाला हिसका बसण्याची खूण झाली होती. मागे वळून पाहिलं तर रेतीत रेघा नव्हत्या, नुसते खड्डे होते.

काका काठावर उभे होते. कधी आले कोण जाणे. अबोला विसरून ते खुशीत म्हणाले, “पाह्य! पयले किती दूर घसरत जाये. आता कशी जागच्या जागी थांबते!”

मी रिकिबीतून पाय काढले. उतरून तिला थोपटायला हात वर केला, तशी तिनं डोळे मिटले आणि मान वर ओढून घेतली.