मिस्त्रींच्या पिशव्या

मी आज धड आहे तो हापशाच्या मिस्त्रींमुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझा संताप होतो आणि मूळ गोष्टच राहून जाते.

कुठंही शिरण्याआधी मिस्त्री उंबऱ्याशी थांबून नाक वर करायचे. "आधी हुंगायचं, मंग पाय टाकायचा." उभा जन्म विहिरींत उतरण्यात गेलेला. चहासुद्धा हुंगून प्यायचे. हॉटेलवाला चिडायचा, "मिस्त्री, इख न्हाई घातलं त्यात!" तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची सवय त्याच्या साहेबापेक्षा शहाणी असते.

मी भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि ओळखीनं बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी एसटीडी बूथवर लागलो. पिवळे बोर्ड तेव्हा नुकतेच लागत होते. मिस्त्री दर जुम्म्याला सकाळी परळीला लेकीला फोन लावायचे आणि असे ओरडायचे की मी म्हणायचो, "चाचा, फोन कशाला? रस्त्यात उभं राहून बोला, ऐकू जाईल."

"गप बे भंडाऱ्या," म्हणून हसायचे. मग हमखास विचारायचे, "जेवलास का?" त्या गावात हे विचारणारा दुसरा कुणी नव्हता.

आमची दुकानं दगडाच्या जुन्या खाणीला लागून होती. नगरपालिकेनं ती खाण वर्षानुवर्षं कचऱ्यानं भरली आणि वर मुरूम पसरला. आत कचरा कुजतो, त्याचा गॅस होतो, तो जमिनीखालून सरकतो, हे मिस्त्रींनी ओळखलं होतं. त्यांनी हापशाच्या जुन्या पाइपांना खाली भोकं पाडली, खाण आणि दुकानं यांच्या मधे ते ठोकले आणि वरच्या तोंडांना पातळ कॅरीबॅगा बांधल्या. पिशवी लोळलेली असली तर ठीक. उभी राहिली तर खाली गॅस. रोज सकाळी त्यांची फेरी असायची.

"मिस्त्री, पीक कसं हाय औंदा?" लोक टोमणा मारायचे.

"लई जोरात. तुमच्या घरापत्तुर येईल."

मग कुण्या मोठ्या पाहुण्याच्या हस्ते नव्या गाळ्यांच्या कामाचं उद्घाटन ठरलं आणि खाणीच्या त्या जागेवर दुकानांच्या भिंतीपर्यंत काँक्रीट ओतायचं काम निघालं. मिस्त्री नगरपालिकेच्या साहेबांपुढं गेले. मी सोबत होतो.

"साहेब, पातेल्यावर झाकण गच्च बसवलं की वाफ कडंनं निघती. कडंला दुकानं हायेत."

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

"मग हापसे दुरुस्त करा."

पाइप कापले, पिशव्या उचलून फेकल्या, वर काँक्रीट ओतलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

महिनाभरानंतरच्या एका जुम्म्याला मी बूथचं शटर वर केलं. मालकाच्या देवापुढं उदबत्ती लावायला काडी काढली, तोच मनगटावर असा फटका बसला की पेटी लांब जाऊन पडली.

"टाक ती! भायेर हो! भायेर!"

मिस्त्रींनी मला गचांडी धरून रस्त्यावर ओढलं. शेजारची दुकानं रिकामी करवली, कुणाला दिव्याचं बटणसुद्धा दाबू दिलं नाही. टेलिफोनची केबल फरशीतून जिथं वर येत होती, त्या भोकावर त्यांनी पिशवी बांधली. माझ्या डोळ्यांदेखत ती फुगून उभी राहिली. गॅस केबलच्या चरातून आत आला होता.

कार्यालयात निरोप गेला. उत्तर आलं: सोमवारी बघू. तेव्हा मिस्त्रींनी पहार उचलली. दुकानांपुढचं काँक्रीट फोडलं, लांब चर खणला, खडी भरली आणि भोकांचे पाइप उभे केले, छपरापेक्षा उंच. दोन दिवसांनी केबलवरची पिशवी लोळली.

सोमवारी साहेब आले. सरकारी मालमत्तेची नासधूस! चौकशी बसली. मिस्त्री नगरपालिकेत रोजंदारीवर. एक जरी माणूस खरं बोलला असता, तरी ते वाचले असते. साहेबांनी मला विचारलं, "बूथमध्ये वास येत होता का?"

मालक माझ्या मागं उभा होता. त्याला साहेबांकडून नव्या गाळ्यांपैकी एक हवा होता. मला नोकरी हवी होती, घर लांब होतं.

"मला सर्दी होती, साहेब."

मिस्त्रींना कामावरून काढलं. बाहेर आल्यावर ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आल्याचा चहा घेत जा," म्हणाले, आणि सायकलवर बसले. नंतर कळलं, लेकीकडं परळीला गेले.

पुढच्या वर्षी त्याच पाइपांना चंदेरी रंग लागला. 'नागरी सुरक्षा योजना' अशी पाटी आली, खाली साहेबांचं नाव. लोक ती वाचतात आणि पुढं जातात. मी तिच्यासमोर रोज शटर उघडतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साहेबांवर, आणि त्याहून जास्त माझ्यावर.

चाचा, मी अजून भितो. पण एक दिवस त्याच कार्यालयात जाऊन माझा जबाब बदलून देणार आहे. लेखी, खाली माझी सही करून. त्याची शिक्क्याची नक्कल घेऊन परळीला येईन आणि तुमच्या लेकीसमोर मोठ्यानं वाचून दाखवीन.