बोल्टाखालचा हिरवा रंग

नाईक मारुती गव्हाणे याच्यावर अन्याय झाला तो गेल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, हैदराबादेत गौलीगुड्यात, आपल्याच मराठी मंडळाच्या बैठकीत. सेवेत मरण पावलेल्या शहरातल्या मराठी जवानांची नावं सभागृहातल्या दगडी फलकावर कोरायची आहेत. गव्हाणेचं नाव वाचलं गेलं आणि तिथंच गाळलं गेलं. चिटणीस म्हणाले, "ड्रायव्हरच्या हलगर्जीपणानं गाडी बंद पडली. असल्या अपघाताला फलकावर जागा नाही." त्या गाडीत मी त्याच्या शेजारी बसलो होतो. म्हणून हे लिहितो.

सिकंदराबादच्या छावणीत एका वर्कशॉपवर आमची पोस्टिंग होती. मी लान्स नाईक, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. गव्हाणे ड्रायव्हर. घर परभणीकडं, शेतीवालं, बिऱ्हाड अंबरपेठेत. मी नारायणगुड्याचा, वडील कोर्टात वकील. प्रत्येक ऑर्डरवर माझा एक प्रश्न ठरलेला, म्हणून तो मला 'वकील' म्हणायचा. मी त्याला उस्ताद म्हणायचो.

त्याच्या ताब्यात महायुद्धातली जुनी पिकअप होती. तिचं नाव मावशी. पीटी झाली की तो आधी तिच्याकडं जायचा. बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "उठा मावशी. सुभेदारसाब येऊन राहिलेत." हँडल मारून दमला की, "खायचं नक्को, प्यायचं नक्को, रुसायचं तेवढं बरोबर येतंय बघ हिला." पण दुसऱ्या कुणी तिला नाव ठेवलं तर मेसमध्ये त्याच्याशी बोलायचा नाही.

छप्पनच्या दसऱ्यानंतर मावशीची बॅटरी बसायला लागली. सुभेदारसाहेबांना वाटलं, हा लाइट चालू ठेवून झोपतो.

"नाही साब," गव्हाणे म्हणाला. "गाडी उभी केली की बॅटरीची तार मी स्वतः काढतो. मावशी चार्जच घेत नाही."

ही तक्रार त्यानं सगळ्यांसमोर केली. मी तिथं होतो. हलगर्जी माणूस स्वतःच्या गाडीची तक्रार करतो का?

काम माझ्याकडं आलं. सिव्हिलियन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिन पट्टा फिरवतं, पट्टा डायनमो फिरवतो, डायनमो करंट करतो. मधला रेग्युलेटर तो करंट बॅटरीला देतो. डॅशबोर्डवरच्या ॲमीटरचा काटा उजवीकडं असेल तर करंट येतोय, डावीकडं असेल तर नुसता जातोय. मावशीचा काटा डावीकडं. खड्ड्यात आपटली तर क्षणभर उजवीकडं उडायचा, पुन्हा डावीकडं.

पट्टा अंगठ्यानं दाबला. ताठ होता. बॅटरी बदलली. दुसरीही बसली. डायनमोच्या तारा सोडून त्याला सरळ बल्ब लावला आणि गव्हाणेला हलका ॲक्सिलरेटर द्यायला सांगितला. बल्ब लख्ख.

"बघ, मावशी कमावती आहे," तो म्हणाला. "पगार घरी पोचत नाही एवढंच."

"मधे रेग्युलेटर खातोय. उद्या तो बघतो."

"उद्या राज्य बदलतंय, वकील. तू भाषण ऐकायला पळशील."

दुसऱ्या दिवशी, एक नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य संपलं. मला भाषण ऐकायला मिळालं नाही आणि रेग्युलेटर बघायलाही मिळाला नाही. मेडचलच्या पुढं कॅम्पला तंबू पोचवायची ऑर्डर आली. गाड्या कमी होत्या.

"गव्हाणे, गाडी चलेगी?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"चार्ज नहीं लेती, साब. बैटरी भरी हुई है. उजाले में लौटे तो चलेगी."

"उजाले में लौटो."

कॅम्पवर तंबू उतरवून घ्यायला माणसंच नव्हती. गव्हाणे, मी आणि गाडीत मागं बसून आलेले जवान, आम्हीच उतरवले. निघालो तेव्हा दिवस कलला होता. मागं आमच्याच लॉऱ्या होत्या. अंधारून आलं, गव्हाणेनं हेडलाइट लावले आणि काटा डावीकडं टेकला. उजेड पिवळा झाला, मग तांबूस. उतारावरच्या वळणाखाली इंजिन खोकलं आणि बंद पडलं. बॅटरीत इंजिनाच्या ठिणगीपुरतंही काही उरलं नव्हतं.

मागच्या लॉऱ्यांचा आवाज येत होता. गाडी ढकलायला वेळ नव्हता.

"सगळे खाली. रस्ता सोडा. वकील, यांना शेताकडं ने."

"आणि तुम्ही?"

"प्रश्न नंतर."

टॉर्च घेऊन तो चढावर, वळणाच्या पलीकडं धावला. पहिल्या लॉरीच्या ड्रायव्हरनं टॉर्च पाहिला, ब्रेक मारला. लॉरी घसरली, गव्हाणेला लागली आणि मावशीच्या अलीकडं थांबली. आमच्यापैकी कुणाला ओरखडा नाही. तो जागीच गेला.

सकाळी मावशीला ओढून वर्कशॉपमध्ये आणली. भरलेली बॅटरी लावून इंजिन चालू केलं. एका तारेचं एक टोक रेग्युलेटरच्या बॉडीला धरलं, दुसरं चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, घासलेल्या लोखंडाला. काटा सरळ उजवीकडं गेला. तार काढली, डावीकडं. रेग्युलेटर चांगला होता. ज्या बोल्टातून त्याला चेसिसची अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळायची, तो मी खोलला. खाली हिरवा रंग. जाड, गुळगुळीत, सुरेख रंग.

इन्स्पेक्शनच्या आधी गाड्या रंगवायचा रिवाज सगळीकडं असतो. बाकीचे बोल्टाभोवती ब्रश फिरवतात. आमच्या वर्कशॉपला अभिमान होता की आम्ही बोल्ट काढून खालीसुद्धा रंग देतो. रंगातून करंट जात नाही.

सुभेदारसाहेब आले. नखानं रंग खरवडून पाहिला. "ये तो हमने करवाया," एवढंच म्हणाले. मग चौकशीत उभे राहून सगळ्यांदेखत त्यांनी सांगितलं की दोष वर्कशॉपचा, ड्रायव्हरचा नाही. त्यानंतर प्रत्येक गाडीचा तो बोल्ट काढून खालचा रंग खरवडला गेला.

फौजेनं चूक मान्य केली. मंडळाला मात्र चूक ड्रायव्हरचीच, ही पहिल्या दिवशीची अफवाच गोड वाटते. हे सगळं मी बैठकीत सांगितलं, तर चिटणीसांनी दुसरं कारण काढलं. "त्याचं गाव आता मुंबई राज्यात गेलं. तिकडच्यांनी लावावी पाटी." वा! नकाशावर रेघ सरकली म्हणून अंबरपेठेतला माणूस परका झाला? त्याची बायको गयावहिनी, त्याची लेकरं त्याच बिऱ्हाडात आहेत. चिटणीसांच्याच गल्लीतल्या शाळेत जातात. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, नाव लावायले का नाही?" मी खाली बघितलं. पुन्हा बघणार नाही.

तो मोठ्यानं हसायचा. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवायचा आणि न मागता पुढं करायचा. शेवटच्या दिवशी त्याला ठाऊक होतं की मावशी दगा देऊ शकते. त्यानं ते वरिष्ठांना तोंडावर सांगितलं आणि ऑर्डर आली म्हणून गेला.

येत्या रविवारी अकरा वाजता सर्वसाधारण सभा आहे. तुम्ही सभासद आहात. घरी बसून हळहळू नका. या, आणि नाईक मारुती गव्हाणे हे नाव पुकारलं की हात वर करा.